धुराची चव : जवाच्या एका मद्याचा इतिहास

ज्या मद्याविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों, तें पिणारे लोक परभणी जिल्ह्यांत फार थोडे. परंतु त्याचा जो विशेष गुण म्हणून सांगतात, तो मात्र त्या जिल्ह्यांतील पोरासोरांनाही ओळखीचा आहे. हा गुण म्हणजे धुराचा वास. पौष-माघाच्या सुमारास जोंधळ्याचें कणीस कोंवळें असतें, तेव्हां शेताच्या बांधावर खळगा खणून त्यांत गोवऱ्यांची आगटी करितात, कणसें त्या निखाऱ्यांत खुपसतात, आणि हातावर चोळून काढलेला ऊन ऊन हुरडा पाहुण्यापुढें टाकतात. त्या दाण्याची गोडी जोंधळ्याची असते. परंतु मागाहून जिभेवर जो एक कडसर, उबदार, रानवट वास रेंगाळतो, तो गोवरीच्या धुराचा असतो. तेंच कणीस स्टोव्हावर भाजलें तर ही मजा येत नाहीं. स्कॉटलंडच्या लोकांनीं जवाच्या दाण्यास अशाच जातीचा संस्कार देऊन त्याचें मद्य काढलें, आणि आज 'सिंगल माल्ट' या नांवानें तें जगभर मोठ्या किंमतीस विकलें जातें. नवख्या माणसानें आरंभ कोठून करावा असें या विषयांतील जाणत्यांस विचारलें, तर ते बहुधा असें मद्य सुचवितात कीं ज्यांत धूर आहे पण थोडा, आणि जें घशास ओरबाडीत नाहीं. अशा सौम्य, किंचित् धुरकट मद्याचा इतिहास स्कॉटलंडांत सुरू होतो हें खरें. पण तो बंगळूर, गोवें, नाशिक असा फिरत फिरत मराठी मुलखांत येतो, आणि वाटेंत निजामी अबकारीच्या दारावरून जातो. म्हणून तो मराठींत सांगण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाचा अर्थ सांगावयास पाहिजे. धान्य भिजवून त्यास मोड आणावयाचे, आणि वाढत्या मोडानें दाण्यांतील सत्त्व खाऊन टाकण्यापूर्वींच तें वाळवावयाचें, या कृतीनें तयार झालेल्या धान्यास इंग्रज लोक 'माल्ट' म्हणतात. आपल्याकडे लहान मुलांसाठीं नाचणीचें सत्त्व करितात, त्याची पूर्वतयारी याहून फारशी निराळी नाहीं. मोड येतांना दाण्यांतील पिष्ट फोडून त्याची साखर करणारीं द्रव्यें उत्पन्न होतात; ही साखर आंबली म्हणजे तिचें मद्य होतें. नुसत्या जवाच्या माल्टापासून, तांब्याच्या हंड्यांत, एकाच कारखान्याच्या आवारांत काढलेलें मद्य तें सिंगल माल्ट. 'सिंगल' या शब्दावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं हें एकाच पिंपांतलें असतें. तसें नाहीं, पिंपें कितीही असूं शकतात, कारखाना मात्र एक. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणें तें ओक लांकडाच्या पिंपांत निदान तीन वर्षें मुरावें लागतें, आणि त्याची ताकद शेंकडा ४० हून कमी असतां कामा नये.

आतां धूर कोठून येतो तें पाहूं. ओलें माल्ट वाळविण्यास ऊन पाहिजे. स्कॉटलंडांत भरंवशाचें ऊन नाहीं, म्हणून अग्नि पाहिजे. आणि तेथील कित्येक बेटांत व डोंगराळ भागांत झाडें विरळ असल्यामुळें अग्नीस लांकूड नाहीं. जें आहे तें पीट. दलदलीच्या माळरानांत शेवाळ, गवत व झुडपें हजारों वर्षें पाण्याखालीं अर्धवट कुजून जो काळसर तपकिरी थर सांचतो, त्यास हें नांव आहे. हा थर वर्षास सुमारें एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर खोल खणणारा मनुष्य शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वींचें रान जाळावयास घेत असतो. या थराच्या विटा कापून, आपल्याकडे गोवऱ्या वाळत घालतात तशा त्या उघड्यावर वाळवितात. त्यांच्या धुरांत फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात. तीं ओल्या दाण्याच्या टरफलास चिकटतात आणि आंबवण, उकळी, वाफ या सर्वांतून तरून शेवटीं पेल्यापर्यंत पोंचतात. माल्टाच्या दहा लक्ष भागांत या द्रव्याचे किती भाग आहेत यावरून धुराचें मोजमाप करण्याची वहिवाट आहे. आयले नामक बेटांतील जहाल मद्यांच्या माल्टांत हा आंकडा पस्तीसपासून पन्नासाच्याही पुढें जातो. त्यांच्या वासांत औषधाच्या दुकानाची आठवण व्हावी असें कांहीं असतें, आणि नवखा मनुष्य पहिल्याच घोटास पेला खालीं ठेवतो. दहा ते वीसच्या दरम्यान जो धूर असतो तो सौम्य. आमचा विषय हा दुसरा प्रकार होय.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. धुराची चव कोणी हौसेनें शोधून काढलेली नाहीं. ती गरिबीची चव आहे. १४९४ सालीं स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबांत जॉन कॉर नांवाच्या एका मठवाशास 'जीवनजल' काढण्याकरितां आठ माप माल्ट दिल्याची नोंद आहे, आणि स्कॉच मद्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून तिचाच दाखला देतात. पुढें १६४४ मध्यें तेथील पार्लमेंटानें या मद्यावर कर बसविला आणि तेव्हांपासून कर चुकविण्याची कलाही मद्य काढण्याच्या कलेबरोबर वाढत गेली. डोंगरांतील शेतकरी आपल्या परसांतील पीट जाळून आपल्या शेतांतील जवाचें मद्य काढी, आणि सरकारी शिपाई त्याचा धूर पाहून त्याचा पाठलाग करी. १८२३ च्या कायद्यानें परवान्याची फी व कर आटोक्यांत आणले. पुढच्याच वर्षीं ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनें परवाना घेतला, तेव्हां शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांना त्याचा इतका राग आला कीं त्यास कमरेला पिस्तुलें बांधून हिंडावें लागलें असें सांगतात. आगगाडी आली आणि तिच्याबरोबर दगडी कोळसा आला, तेव्हां स्पे नदीच्या खोऱ्यांतील कारखानदारांनीं पीट हळूहळू कमी केलें. बेटांवर कोळसा महाग, म्हणून तेथें धूर टिकला. म्हणजे आज ज्यास रसिकतेची खूण मानतात तें मुळांत जळणाच्या वाहतुकीचें प्रकरण आहे. आमच्या मतें खाद्यपेयांच्या इतिहासांत अशीं उदाहरणें पुष्कळ सांपडतील.

१८३० मध्यें ईनिअस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. तिच्यांतून निघणारें स्वस्त व बेचव धान्यमद्य जवाच्या मद्यांत मिसळून जें मिश्रण होऊं लागलें, त्यानेंच व्हिस्की जगभर पसरली. फ्रान्सांत द्राक्षाच्या मळ्यांवर कीड पडून ब्रँडी दुर्मिळ झाली, हेंही तिच्या पथ्यावर पडलें. निर्भेळ माल्ट मात्र बहुतांशीं या मिश्रणवाल्यांच्या कोठारांतच नाहींसें होई. १९६३ मध्यें ग्लेनफिडिक या कारखान्यानें तें स्वतंत्र नांवानें परदेशांत विकण्याचा उद्योग मनावर घेतला, तेव्हांपासून 'सिंगल माल्ट' हा शब्द सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडीं आला. जुनें मद्य खरें, पण त्याची कीर्ति आपल्यांतील पुष्कळांच्या हयातींतली आहे.

हिंदुस्थानांत व्हिस्की आली ती अर्थात् गोऱ्या फौजेबरोबर. परभणीच्या वाचकांस याचें सर्वांत जवळचें ठिकाण म्हणजे हिंगोली. १९९९ पर्यंत हें गांव परभणी जिल्ह्यांतच होतें. निजामाच्या खर्चानें व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालीं जी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, तिची एक छावणी येथें १९०३ पर्यंत होती. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी परभणीवरून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. तिच्यापूर्वीं या छावणीचा विलायती माल बैलगाडीनेंच येत असला पाहिजे. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत हें पेय जाई आणि छावणीच्या बाजारांत शिपाईप्यादे मोहाची दारू घेत. एकाच गांवांत, हाकेच्या अंतरावर, धुराच्या दोन जाती अशा नांदत होत्या. त्यांपैकीं दुसरीकडे आम्ही पुढें वळणारच आहों.

देशांत मद्य गाळण्याचे विलायती धर्तीचे कारखाने प्रथम हिमालयाच्या थंडाव्यांत निघाले. कसौली व सोलन हीं त्यांपैकीं प्रसिद्ध ठिकाणें. मरी येथील कारखान्याचा एक व्यवस्थापक एडवर्ड डायर हा जालियनवाला बागेच्या जनरल डायरचा बाप होता, हें जातां जातां सांगून ठेवतों. सोलनचा डायर-मीकिन कारखाना १९४९ मध्यें एन. एन. मोहन यांच्या हातीं आला आणि पुढें मोहन-मीकिन या नांवानें चालला. तेथील जवाचें माल्ट मद्य या देशांत पुष्कळ वर्षें एकटेंच होतें असें म्हटलें तरी चालेल. बाकी बाजारांत 'व्हिस्की' म्हणून जें खपे व अजूनही मोठ्या प्रमाणांत खपतें, त्याचा पाया उंसाची मळी. साखर कारखान्यांत साखर काढून उरलेल्या मळीचा मद्यार्क करावयाचा, त्यांत रंग, सुवास आणि फार तर थोडें माल्ट घालावयाचें, आणि बाटलीवर हरिणाचें अथवा किल्ल्याचें चित्र चिकटवावयाचें. युरोपांत या वस्तूस व्हिस्की हें नांव देण्यास कायद्यानें मनाई आहे. महाराष्ट्रांतील साखर कारखानदारीचा इतिहास लिहिणारे या मळीच्या प्रकरणावर चार पानें खर्च करीत नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें.

या परिस्थितींत जें घडलें तें बंगळुरांत घडलें. तें शहर मराठ्यांस परकें नव्हे. १६३८ च्या सुमारास आदिलशाहीच्या फौजेनें तें केंपेगौडाकडून घेतल्यावर शहाजी राजांची जहागीर तेथेंच होती आणि मराठा घराणीं त्या बाजूस पिढ्यान् पिढ्या राहिलीं. १९४८ मध्यें तेथें जे. एन. राधाकृष्ण जगदाळे यांनीं 'अमृत' नांवाचा मद्याचा कारखाना काढला. जगदाळे हें आडनांव मराठी वाचकास ओळखून घ्यावें लागत नाहीं. कारखाना बरींच वर्षें इतरांसारखाच माल करीत होता. १९८० नंतरच्या काळांत तेथें जवाचें माल्ट मद्यही निघूं लागलें, परंतु तें मिश्रणांत जाई. पिंपांत मुरलेला सांठा वाढत गेला, तेव्हां संस्थापकांचे पुत्र नीलकंठराव जगदाळे यांनीं तें निर्भेळ विकण्याचा विचार केला. त्यांचे चिरंजीव रक्षित हे इंग्लंडांत न्यूकॅसल येथें व्यापारशास्त्राचा अभ्यास करीत होते. या मद्यास त्या देशांत गिऱ्हाईक मिळेल किंवा नाहीं हाच विषय त्यांनीं आपल्या प्रबंधास घेतला. नांव न सांगतां लोकांस पेले देऊन मत विचारलें, तर चाखणारे त्यास स्कॉटलंडचेंच समजत. २४ ऑगस्ट २००४ रोजीं ग्लासगो शहरांत अमृत सिंगल माल्ट बाजारांत आलें. स्कॉटलंडच्या दारांत जाऊन स्कॉटलंडचा माल विकण्याचें हें धाडस पाहून आरंभीं लोक हसले. पहिलीं कांहीं वर्षें विक्री अगदीं बेताची होती हेंही खरें.

कीर्ति आली ती 'फ्यूजन' या मद्यानें, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें हेंच महत्त्वाचें आहे. यांत चार भागांपैकीं तीन भाग उत्तर हिंदुस्थानांतील जव, ज्यास धूर मुळींच दिलेला नाहीं. आणि एक भाग स्कॉटलंडांत पीटच्या धुरांत वाळवून इकडे आणलेलें माल्ट. दोहोंचें मद्य निरनिराळें काढतात, निरनिराळें मुरवितात, आणि मग एकत्र करून पुन्हां कांहीं काळ पिंपांत ठेवितात. जिम मरी नांवाचे इंग्रज परीक्षक दरवर्षीं व्हिस्कीचें एक मोठें सूचिपुस्तक काढीत. त्याच्या २०१० च्या आवृत्तींत त्यांनीं फ्यूजनला शंभरांपैकीं ९७ गुण देऊन जगांत तिसरा क्रमांक दिला. त्या दिवसापासून हिंदी माल्टाची थट्टा थांबली. गुणांच्या या आंकड्यांवर आमचा स्वतःचा फारसा विश्वास नाहीं. चवीस शंभरांत मोजणें हें गाण्यास तराजूंत घालण्यासारखें आहे. परंतु व्यापारांत आंकडा बोलतो, आणि येथें तो बोलला. नीलकंठराव २०१९ मध्यें वारले. तोंपर्यंत त्यांच्या मालास अनेक देशांत गिऱ्हाईक लाभलें होतें. फ्यूजनचा धूर सौम्य असला तरी ताकद शेंकडा ५० आहे, म्हणून नवख्यास तें पाण्यावांचून देऊं नये असें आम्ही म्हणूं. पाणी घालण्यांत कमीपणा आहे ही समजूत चुकीची आहे. थोडें पाणी पडलें म्हणजे मद्यार्काचा झणका कमी होऊन त्याखालीं दडलेला वास वर येतो, आणि स्वतः स्कॉटलंडांतील पारखीही पाणी घालूनच परीक्षा करितात.

मुरण्याच्या बाबतींत आपल्या हवेनें एक विलक्षण गोष्ट केली आहे. पिंपाच्या लांकडांतून मद्य थोडथोडें उडून जातें. स्कॉटलंडचे लोक त्यास देवदूतांचा वांटा म्हणतात. तिकडे हा वांटा वर्षास शेंकडा दोनच्या आसपास असतो. बंगळुरांत तो दहा ते बारा, आणि गोव्यांत सुमारें आठ. म्हणजे बंगळुरांतील पिंप चार वर्षें ठेविलें तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक माल हवेंत जातो. इतका लोभी देवदूत कोणत्याही सावकारास परवडणारा नाहीं. पण त्याच उष्णतेमुळें लांकडाचा रंग व गोडी मद्यांत झपाट्यानें उतरते, आणि तिकडे ज्यास दहा-बारा वर्षें लागावींत तें इकडे चार-पांच वर्षांत साधतें. म्हणूनच हिंदी माल्टाच्या बाटलीवर बहुधा वयाचा आंकडा लिहिलेला नसतो. तो नाहीं म्हणून माल हलका, असें समजणारे जुने रसिक आहेत. त्यांनीं पंचांगाऐवजीं उष्णतामापक यंत्र पाहावें.

गोव्यांतील कारखाना कुंकळ्ळी येथें आहे. १५८३ मध्यें पांच जेझुइट पाद्री जेथें मारले गेले आणि मग पोर्तुगीजांनीं ज्या गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून कापून काढलें, तेंच हें कुंकळ्ळी. पॉल जॉन यांच्या कंपनीनें येथील माल्ट २०१२ मध्यें लंडनमध्यें प्रथम मांडलें. पुढच्या वर्षीं 'ब्रिलियन्स' व 'एडिटेड' हीं दोन मद्यें आलीं आणि त्यांच्या पाठोपाठ 'बोल्ड'. पहिल्यांत धूर नाहीं, शेवटल्यांत भरपूर, आणि मधल्या 'एडिटेड'मध्यें थोडासा. जव हिंदुस्थानचा, पीट मात्र स्कॉटलंडहून गलबतानें आणलेलें. ताकद शेंकडा ४६. मध, कोको, कॉफी अशी गोड बाजू प्रथम येते आणि धूर शेवटीं, घोट घशाखालीं उतरल्यावर, लांबच्या चुलीसारखा जाणवतो. नवख्यास धुराची ओळख करून द्यावयाची तर आमच्या मतें या देशांतील मद्यांत याच्याइतकें सोयीचें दुसरें नाहीं. धूर आवडला तर पुढें 'बोल्ड'कडे जावें, नावडला तर मागें 'ब्रिलियन्स'कडे. वाट दोन्हीकडे मोकळी आहे.

याच गोव्यांत काजूच्या बोंडांची फेणी लांकडाच्या आंचेवर शतकानुशतकें निघत आली आहे. पहिल्या धारेस तेथें उर्राक म्हणतात. २००९ मध्यें काजूच्या फेणीस भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला. एवढ्या गोव्यांत जवाचें एक दाणाही पीक नाहीं, पीट नाहीं, थंडी नाहीं. तरीही तेथील जवाच्या मद्यानें फेणीहून अधिक बाहेरदेशीं नांव काढलें. यांतील दोष फेणीचा नव्हे. ज्या पेयाची परीक्षा कशी करावी हें जगास आधींच शिकविलेलें आहे, तें पेय करणारास अर्धी लढाई जिंकलेलीच मिळते.

महाराष्ट्रांत नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरी येथें पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीचा कारखाना आहे. तेथील माल्ट २०२२ मध्यें 'लाँजिट्यूड सेव्हंटी-सेव्हन' या नांवानें बाजारांत आलें. हा ७७ वा रेखांश म्हणजे हिंदुस्थानास उत्तर-दक्षिण छेदणारी रेघ, म्हणून तें नांव. नकाशा उघडून पाहणारास असें आढळेल कीं ही रेघ नाशिकपासून दूर आहे. ती जाते ती परभणी जिल्ह्याच्या पूर्व भागांतून, पूर्णेच्या किंचित् पश्चिमेकडून. पूर्णा जंक्शनावर गाडी बदलणाऱ्या उतारूंपैकीं कितीजणांस याची वार्ता असेल? २०२४ मध्यें याच कंपनीनें नागपूरजवळ बुटीबोरी येथें माल्टाचा मोठा कारखाना काढण्याविषयीं राज्य सरकारशीं करार केला आहे.

आतां त्या दुसऱ्या धुराकडे वळूं. चैत्राच्या पहांटे मोहाच्या झाडाखालीं फुलांचा सडा पडतो. तीं वेंचून वाळवितात, पाण्यांत आंबवितात, आणि मातीच्या वा धातूच्या मडक्यांत घालून लांकडाच्या जाळावर तीन दगडांच्या चुलींत त्याची वाफ धरितात. जाळ उघडा, मडकें खालून करपणारें, धूर सगळीकडे. त्यामुळें या दारूसही एक धुरकट वास असतो. हा वास आणि पीटचा वास एकच, असें कोणी अभिमानानें सांगूं लागल्यास तें खरें मानूं नये. पीटचा धूर आधीं दाण्यांत शिरतो आणि मग मद्यांत येतो. मोहाच्या दारूचा वास बहुतेक करपलेल्या तळाचा व उघड्या चुलीचा असतो, आणि तो प्रत्येक खेपेस निराळा. पण दोन्हींचें मूळ एकाच ठिकाणीं आहे: हाताशीं असलेलें जळण आणि हाताशीं असलेली साखर.

स्कॉटलंडच्या शेतकऱ्यास १८२३ मध्यें परवाना परवडूं लागला. मोह गाळणारास तो कधींच परवडला नाहीं. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें गांवोगांवच्या भट्ट्या बंद होऊन गाळण्याचें काम मोठ्या मक्तेदारांकडे गेलें, आणि मुंबईची मोहाची दारू उरणच्या कारखान्यांतून येऊं लागली. १८९२ मध्यें तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावरच निर्बंध घालणारा निराळा कायदा झाला. निजामाच्या राज्यांत अबकारी हें सरकारच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन होतें. तेलंगणांत मुख्यतः ताडी-शिंदी आणि मराठवाड्यांत मोहाची दारू यांवर तें चाले. दुकानांचा लिलाव होई, ज्याची बोली मोठी त्यास मक्ता मिळे. या मक्त्यास तेलुगु-कानडीच्या वळणानें 'गुत्ता' म्हणत. मराठींत आज गुत्ता म्हटलें कीं दारूचें घाणेरडें दुकान डोळ्यांपुढें येतें; परंतु परभणी-नांदेडकडे सडकेचें वा पुलाचें काम घेणारास अजूनही गुत्तेदारच म्हणतात, आणि त्यांत कोणासही निंदा दिसत नाहीं. एका शब्दाच्या दोन वाटांत एका राज्याचा सारा वसूल-कारभार सांठला आहे.

म्हणूनच १९४७ मध्यें हैदराबाद स्टेट काँग्रेसनें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं लढा पुकारला, तेव्हां शिंदीचीं झाडें तोडणें हा त्याचा एक रीतसर कार्यक्रम होता. झाड पाडलें कीं निजामाचा तितका पैसा बुडाला. करोडगिरीचीं नाकीं जशीं लक्ष्य झालीं, तशींच शिंदीबनेंही. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान गेलें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा कालांतरानें येथेंही लागू झाला. त्या कायद्याखालीं घरीं गाळणें हा गुन्हाच आहे, मग मद्य कितीही सौम्य असो. मधल्या काळांत बंदी सैल झाली, विलायती धर्तीच्या मद्यास परवाने मिळाले, कारखान्यांस जागा मिळाल्या. पण तीन दगडांच्या चुलीस परवाना मिळाला नाहीं. एकाच कायद्याच्या छायेखालीं एका धुरास पदकें आणि दुसऱ्यास पोलिसांचा छापा, ही स्थिति न्यायाची आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

तथापि या अन्यायाचा उपाय म्हणून सर्वच धूर मोकळा सोडावा, असेंही म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. ज्यांच्या घरांत रोजची मजुरी गुत्त्यावर जाते त्या बायांनीं या जिल्ह्याजिल्ह्यांतून दुकानें बंद करण्यासाठीं मतदान मागितलें आहे. चिठ्ठीवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं दोन चित्रें असतात, आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारण्यासाठीं बायका रांगा लावतात. त्यांच्यापुढें फिनॉलाचें प्रमाण आणि पिंपाची जात यांविषयीं बोलणें निर्लज्जपणाचें ठरेल. सिंगल माल्टाची बाटली घेणारा मनुष्य ती महिनोन् महिने पुरवितो, कारण तिची किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतकी असते. त्याची मिताचारी वृत्ति ही पुष्कळ अंशीं त्याच्या खिशाची करामत आहे. नवख्यास मद्य सुचविणाऱ्या जाणत्यांनीं हें विसरूं नये.

राहतां राहिला जोंधळा. चीनमध्यें जोंधळ्याचें मद्य पुरातन काळापासून काढतात, मग मराठवाड्याच्या जोंधळ्याचें कां नको, हा प्रश्न निघावयाचाच होता. २००७ मध्यें राज्य सरकारनें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस उत्तेजन देण्याचें धोरण ठरविलें व त्यांस अनुदान देऊं केलें. समर्थनाचा मुख्य मुद्दा असा कीं खरिपाचा जोंधळा ऐन सुगींत पावसानें भिजून काळा पडतो, त्यास कोणी विचारीत नाहीं. तो कारखान्यानें घेतला तर शेतकऱ्यास दोन पैसे मिळतील. मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. काळा पडलेला जोंधळा घेऊन मोंढ्यांत बसलेल्या शेतकऱ्याचा चेहरा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तो समजेल. उलट गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनीं विचारलें कीं ज्या राज्यांत मुलें कुपोषणानें मरतात तेथें सरकारनें आपल्या तिजोरींतून पैसे देऊन धान्याची दारू कां करवावी. पुढें अनुदान बंद झालें. त्यांतून निघणारा मद्यार्क माल्टाच्या वाटेचा नव्हताच. तो अखंड भट्टीचा, बेचव, मिश्रणाच्या कामाचा. जोंधळ्यास मोड आणून, गोवरीच्या धुरांत वाळवून, तांब्याच्या हंड्यांतून संथपणें काढलेलें मद्य कसें लागेल, याचें उत्तर त्या धोरणाच्या कागदांत शोधूनही सांपडणार नाहीं. परभणीस १९७२ मध्यें कृषि विद्यापीठ स्थापन झालें; तेथून निघालेल्या 'परभणी मोती' व 'परभणी ज्योति' या रब्बी जोंधळ्याच्या वाणांची पारख शेतकरी अजून दोनच गोष्टींवर करितो, भाकरी कशी होते आणि कडबा किती निघतो.